हेरॉइनने बीबॉप घडवला नाही

जॅझचा विषय निघाला की एक समजूत हमखास पुढे येते आणि समाजमाध्यमांवर ती पुन्हा पुन्हा फिरत असते. तिचा गोषवारा असा: बीबॉप (वेगवान, गुंतागुंतीचा जॅझ), कूल (त्याहून मऊ, संथ) आणि हार्ड बॉप (बीबॉपचंच जोरकस रूप) या जॅझच्या शैली हेरॉइनच्या नशेतून जन्मल्या, सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर नशेत असायचा म्हणूनच तसा वाजवू शकायचा, त्या पिढीतले सगळेच व्यसनी होते, ज्यांनी व्यसन सोडलं त्यांच्या वादनातली धग विझली, आणि प्रतिभेची किंमत म्हणून ते तरुणपणीच गेले. मला या समजुतीचा राग येतो. या माणसांनी वर्षानुवर्षं केलेली मेहनत ती एका पावडरीच्या नावावर जमा करते.

जन्मापासून सुरुवात करू. १९३६ साली, पार्कर जेमतेम सोळा वर्षांचा असताना, कॅन्सस सिटीतल्या रेनो क्लबमध्ये तो वाजवता वाजवता चुकला आणि ड्रमर जो जोन्सने त्याच्या दिशेने झांज फेकली. पुढच्या उन्हाळ्यात ओझार्कच्या डोंगरात एका बँडबरोबर काम मिळालं, तेव्हा सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगचे सोलो (एकट्याने वाजवलेले भाग) रेकॉर्डवरून ऐकून त्याने सुरासुराने पाठ केले. नंतर सॅक्सोफोनवादक पॉल डेस्मंडने घेतलेल्या मुलाखतीत त्याने सांगितलं की तीन-चार वर्षं तो दिवसाला अकरा ते पंधरा तास रियाज करत होता. व्यसन त्याला किशोरवयातच जडलं होतं, हे खरं. पण ‘चेरोकी’सारख्या धूनच्या कॉर्डवरचे (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांवरचे) वरचे सूर धरून नवी चाल बांधायची, आणि तीही प्रचंड वेगात, हे बोटांत येतं ते त्या तासांमुळे. १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये रेकॉर्ड झालेलं ‘को-को’ ऐका. त्या लयीत एकही कॉर्ड निसटत नाही.

आणि बीबॉप काही एकट्या पार्करचा नव्हता. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाऊस या क्लबात ड्रमर केनी क्लार्कने तालाचा मुख्य भार बास ड्रमवरून झांजेवर नेला, थेलोनियस मंक पियानोवर अनोख्या स्वरसंगती रचत होता. डिझी गिलेस्पी ट्रम्पेटवादक असूनही पियानोवर बसून कॉर्ड उलगडायचा आणि इतरांना समजावून द्यायचा. गिलेस्पी हेरॉइनच्या वाटेला गेला नाही. तरीही तो पार्करच्या बरोबरीने त्याच जागी पोचला. सुई हेच कारण असतं तर गिलेस्पीचं काय करायचं?

पार्कर नशेत सर्वोत्तम वाजवायचा, या दाव्याला पुरावा म्हणून २९ जुलै १९४६ चं ‘लव्हर मॅन’चं रेकॉर्डिंग दाखवलं जातं. ‘केवढी वेदना आहे बघा!’ त्या दिवशी लॉस एंजेलिसमध्ये त्याला हेरॉइन मिळत नव्हतं, म्हणून तो दारू ढोसून आला होता. त्याचा प्रवेश उशिरा येतो, वाक्यं तुटतात. ते रेकॉर्ड बाजारात आणलं गेलं याचा त्याला पुढे संताप होता. यावर कुणी म्हणेल, मग हेरॉइन नसल्यामुळेच तो कोसळला ना? कोसळला, कारण शरीराला सवय लागली होती. त्यानंतर सुमारे सहा महिने तो कॅमारिलोच्या सरकारी मनोरुग्णालयात होता. बाहेर आल्यावर, फेब्रुवारी १९४७ मध्ये, त्याने ‘रिलॅक्सिन अ‍ॅट कॅमारिलो’ रेकॉर्ड केलं: आडवळणाची, हसरी, अवघड ब्लूज, आणि वाजवणारा ताजातवाना. दोन्ही लागोपाठ ऐका. खुद्द पार्करने १९४९ मध्ये ‘डाउन बीट’ या जॅझ नियतकालिकाला सांगितलं होतं की गांजा, सुई किंवा दारूच्या अमलाखाली आपण जास्त चांगलं वाजवतो असं म्हणणारा वादक सरळ खोटं बोलतो. ज्याच्या नावाने ही समजूत चालते त्यानेच ती नाकारली आहे.

कूलचा मंद सूर म्हणजे नशेची गुंगी, हाही एक उपदावा. १९४९-५० मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या नऊ जणांच्या बँडने जे रेकॉर्ड केलं त्यात फ्रेंच हॉर्न आणि ट्यूबा होते, आणि तो मऊ रंग क्लॉड थॉर्नहिलच्या ऑर्केस्ट्रातून आलेला. गिल एव्हान्स, जेरी मलिगन, जॉन लुईस यांनी तो कागदावर मांडला होता. गुंगीत अशी स्वरलेखनं होत नाहीत.

‘सगळेच व्यसनी होते’ हे तर थेट खोटं. गिलेस्पी नव्हता, पियानोवादक डेव्ह ब्रुबेक नव्हता. सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अ‍ॅडर्ली १९५५ मध्ये न्यूयॉर्कला आला तो फ्लोरिडातल्या शाळेत बँड शिकवण्याची नोकरी करून. आणि क्लिफर्ड ब्राउन, हार्ड बॉपचा सगळ्यात तेजस्वी ट्रम्पेटवादक, यापासून पूर्ण दूर राहिला.

सोडल्यावर धग गेली म्हणणाऱ्यांनी हा क्रम बघावा. सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स १९५५ मध्ये लेक्झिंग्टनच्या सरकारी उपचारकेंद्रात गेला, सुटला, आणि वर्षअखेरीस ब्राउन आणि ड्रमर मॅक्स रोचच्या पाच जणांच्या बँडमध्ये आला. स्वच्छ राहूनही असं वाजवता येतं हे ब्राउनला पाहून पटलं, असं त्याने नंतर सांगितलं आहे. त्याचं ‘सॅक्सोफोन कोलोसस’ हे रेकॉर्ड २२ जून १९५६ चं, म्हणजे सुटकेनंतरचं. तरी त्याचं समाधान होईना, म्हणून १९५९ ते १९६१ मैफली थांबवून तो न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर रियाज करत राहिला. साठच्या दशकाच्या अखेरीस तो आपल्या पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता, तोही याच शोधाचा भाग.

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनला १९५७ मध्ये व्यसनापायीच माइल्सने बँडमधून काढलं. त्याच वर्षी त्याने हेरॉइन सोडलं, मंकबरोबर फाइव्ह स्पॉट या क्लबात महिनोन् महिने वाजवलं आणि सप्टेंबरमध्ये ‘ब्लू ट्रेन’ केलं. ‘जायंट स्टेप्स’ १९५९ चं, ‘अ लव्ह सुप्रीम’ १९६४ चं. या तिन्हींत हेरॉइन नाही. माइल्सनेही ‘वॉकिन’ केलं १९५४ मध्ये, हेरॉइन सोडल्यावर.

एक गोष्ट मान्य करायलाच हवी. पियानोवादक बिल एव्हान्स, ड्रमर आर्ट ब्लेकी, ट्रम्पेटवादक ली मॉर्गन यांनी व्यसनात असतानाही अप्रतिम संगीत दिलं. पण व्यसन असतानाही वाजवणं आणि व्यसनामुळे वाजवणं यात फार अंतर आहे, आणि ही समजूत नेमकं तेच पुसून टाकते. पार्करच्या मागे लागून कित्येक पोरांनी सुई धरली. त्यांना वाटलं, वादनाचं गुपित तिच्यात आहे.

राहिला ‘किंमत’ हा शब्द. पियानोवादक बड पॉवेल १९४५ मध्ये पोलिसांच्या मारहाणीनंतर कधी पूर्ववत झाला नाही. न्यूयॉर्कमध्ये दारूच्या क्लबात वाजवायला पोलिसांचं कार्ड लागायचं. १९५१ मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात मंकचं कार्ड गेलं आणि शहरातल्या क्लबांत त्याला सुमारे सहा वर्षं वाजवता आलं नाही. ही वंशभेदी पोलिसी व्यवस्थेने केलेली वसुली होती. पार्कर १९५५ मध्ये गेला, तपासणाऱ्या डॉक्टरला तो पन्नाशी-साठीचा वाटला. वय होतं चौतीस. ब्राउन १९५६ मध्ये पंचविसाव्या वर्षी गेला, पण मोटार अपघातात. ज्याचं वादन ऐकत ब्राउन घडला, तो ट्रम्पेटवादक फॅट्स नवारो १९५० मध्ये क्षयाने आणि हेरॉइनने सव्विसाव्या वर्षी संपला. गिलेस्पी मात्र पंचाहत्तरीपर्यंत वाजवत राहिला, आणि ब्रुबेक जवळपास ब्याण्णव वर्षं जगला.