मायाचा निर्णय कोणी घेतला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

करण जोहर यांच्या २००६ सालच्या ‘कभी अलविदा ना कहना’ या, विवाहित माया आणि विवाहित देव यांच्या प्रेमावरच्या चित्रपटाने माझी घोर निराशा केली, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावर वाशीच्या एका वाचकांनी दीर्घ प्रतिक्रिया पाठवली आहे. हा चित्रपट काळाच्या पुढचा होता, देवसारखा तुसडा नायक दाखवण्यात धाडस होते, संगीताला मी न्याय दिला नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. आणि मधोमध हे वाक्य आहे : “काकू, नौपाड्यातल्या सुरक्षित संसारात बसून मोडलेल्या लग्नांचा न्याय करू नका, ज्यांचे टिकले त्यांना हे कळत नाही.”

महोदय, संगीताचा मुद्दा मला मान्य आहे. शंकर-एहसान-लॉय यांचे संगीत आणि जावेद अख्तर यांची गीते मी एका ओळीत उरकली. ‘मितवा’ हे गाणे शफ़क़त अमानत अली यांच्या आवाजात आजही लागले तर मी हातातले काम थांबवते. मात्र गाणे चांगले असल्याने पटकथा चांगली ठरत नाही. परदेशात चित्रपटाने भरघोस धंदा केला, हेही आपण लिहिले आहे. तो केला, यात वाद नाही. परंतु माझा लेख तिकीटविक्रीवर नव्हता.

आता आपल्या त्या वाक्याकडे वळते. आपण मला ओळखत नाही. माझा संसार सुरक्षित आहे, हे आपण कशावरून ठरवले? नौपाडा या तीन अक्षरांवरून? आपले मत तीव्र आहे म्हणून मला वाईट वाटलेले नाही. माझ्या लेखातल्या एकाही विधानाचे खंडन न करता आपण माझ्या घराचा पत्ता आणि माझे वय पुढे केलेत, याचे वाईट वाटले. सोसायटीतली मुले मला काकू म्हणतात, ते मला आवडते. आपण ज्या सुरात म्हटले आहे, तो सूर समोरच्याला गप्प करण्यासाठी लावतात, आणि तो मी चालवून घेणार नाही.

मी ठाण्यात कोर्ट नाक्याजवळ एका वकिलांकडे बरीच वर्षे टंकलेखनाचे काम केले. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खालचे घटस्फोटाचे अर्ज आणि कलम १३(ब) खालचे परस्पर संमतीच्या घटस्फोटाचे अर्ज माझ्या हाताखालून इतके गेले आहेत की त्यांतली ठरीव वाक्ये मला आजही तोंडपाठ आहेत. व्यभिचार हा शब्द मी किती वेळा टाइप केला, याची मोजदाद नाही. कोणाचे लग्न टिकले आणि कोणाला काय कळते, याविषयी मला शिकवण्यापूर्वी एवढे आपण लक्षात घेतले असते तर बरे झाले असते.

एक बाई आठवतात. लग्नाबाहेरचा संबंध त्यांचा स्वतःचा होता, आणि तो त्यांनी वकिलांसमोर पहिल्याच भेटीत, कोणी न विचारता सांगितला. घरातून आपल्या वाट्याला काय हवे, याची यादी त्यांनी कॅलेंडरच्या पानामागे लिहून आणली होती : आईने दिलेली पितळी परात, दोन स्टीलचे डबे, शिलाई मशीन, मिक्सर. मी यादी टाइप करायला घेतली तेव्हा त्यांनी पान परत मागितले, मिक्सरवर काट मारली आणि म्हणाल्या, “तो सासूबाईंना लागतो, राहू दे.” मग पुढच्या तारखेला कोणत्या वेळी यायचे, ते विचारून गेल्या. त्यांना समजून घेण्यासाठी मला संसार मोडावा लागला नाही आणि त्यांचा न्याय करावा, असे एकदाही मनात आले नाही. चित्रपटातल्या मायाविषयी माझी जी तक्रार आहे, ती या बाईंमुळेच आहे.

ती तक्रार आपण वाचलेली दिसत नाही, म्हणून पुन्हा मांडते. मायाने व्यभिचार केला, हा माझा आक्षेप कधीच नव्हता. तीन तासांहून लांब असलेल्या या चित्रपटात माया स्वतःहून काहीही ठरवत नाही, हा आक्षेप आहे. ऋषीशी लग्न करावे की नाही, याची शंका तिला लग्नाच्या दिवशीच आहे, पण एका अनोळखी माणसाशी बोलणे होते आणि ती बोहल्यावर चढते. पुढे तिचे देवशी संबंध जुळतात. ते सासऱ्यांना, म्हणजे सॅमला, दिसतात. तो मृत्यूशय्येवरून तिला सांगतो की तू माझ्या मुलाला सोड. म्हणजे नवऱ्यावर प्रेम नाही, हेही तिच्या वतीने सासऱ्यानेच बोलून दाखवायचे! तरीही ती जात नाही. दोघे आपापल्या जोडीदाराकडे कबुली देतात, आणि ऋषी तिला घराबाहेर काढतो. आपण या कबुलीला धैर्य म्हटले आहे. कबुली देऊन पुढचे सारे नवऱ्यावर सोपवले, तर निर्णय त्याचा झाला, तिचा नव्हे. त्यानंतर माया आणि देव एकमेकांना खोटे सांगतात की आपल्याला घरच्यांनी माफ केले. तीन वर्षे जातात, ऋषीचे दुसरे लग्न ठरते, देवच्या बायकोचे, ऱ्हियाचेही बरे चाललेले असते, आणि कोणाचे काही बिघडणार नाही अशी खात्री झाल्यावरच ही दोघे रेल्वे स्थानकावर भेटतात. दुखावल्या गेलेल्या प्रत्येकाची सोय लावल्याशिवाय लेखकाला त्यांना एकत्र आणण्याचा धीर झाला नाही.

चित्रपट आला तेव्हा आपल्याकडे भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ लागू होते. त्यात तक्रार करण्याचा अधिकार नवऱ्याला होता आणि ती फक्त परपुरुषाविरुद्ध. विवाहित स्त्रीला ना तक्रारीचा अधिकार होता, ना तिला दोषी धरले जात होते, कारण तिला स्वतःची इच्छा असते हेच कायद्याने धरलेले नव्हते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. चित्रपट न्यूयॉर्कमध्ये घडतो, त्याला हा कायदा लागू नाही, हे मला समजते. मायाकडे बघण्याची त्याची नजर मात्र त्या कलमाची आहे, आणि आपण तिलाच काळाच्या पुढची म्हणता.

काळाच्या पुढचे पाहायचे असेल तर त्याच्या चोवीस वर्षे आधीचा, १९८२ चा महेश भट्ट यांचा ‘अर्थ’ पाहावा. परत आलेल्या नवऱ्याला शबाना आझमींची पूजा एवढेच विचारते की मी असे वागले असते तर तू मला घेतले असतेस का. तो नाही म्हणतो आणि ती निघून जाते. तिला कोणी जा म्हटलेले नसते, आणि दुसरा पुरुष तयार असूनही ती त्याच्याकडे जात नाही. त्याच वर्षी जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’त स्मिता पाटील यांची सुलभा नवऱ्याचे दुसरे संबंध कळल्यावर घर सोडते. आम्ही मराठी मध्यमवर्गीय प्रेक्षक हे तेव्हाच पाहून बसलो होतो, म्हणून २००६ साली आम्हाला धक्का बसला नाही. आम्ही निराश झालो.

देवच्या तुसडेपणाविषयी मला फार बोलायचे नाही. पाय जायबंदी झाला म्हणून बायकोवर आणि मुलावर डाफरणारा माणूस दाखवणे हे धाडस असेल, तर ते आपल्याला लखलाभ.

मी चित्रपट पुन्हा पाहावा, असे आपण सुचवले आहे. तो मी आपली प्रतिक्रिया वाचून पुन्हा पाहिला. मायाची कबुली ऐकल्यावर अभिषेक बच्चनचा ऋषी ज्या प्रकारे फुटतो, तो प्रसंग खरा आहे आणि बाकीच्या चित्रपटात तसा दुसरा मला सापडला नाही. आपल्याला सापडला असेल तर अवश्य लिहा. ज्यात माया काहीतरी स्वतः ठरवते आणि ते आधी सासऱ्याने, नवऱ्याने किंवा ऱ्हियाने तिच्यासाठी मोकळे करून दिलेले नसते, असा एक प्रसंग मला दाखवा. माझे घर, माझे वय आणि माझा संसार यांत तो सापडणार नाही.