खाली डाग नाही म्हणून हेड गॅस्केट गेले, असे होत नाही

जुन्या गाड्यांविषयीचा एक संदेश गेले काही महिने व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरतो आहे. त्याचा आशय असा : कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) वारंवार भरावे लागत असेल आणि गाडीखाली एकही थेंब दिसत नसेल, तर ते सिलिंडरमध्ये जळत आहे, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधले सील) गेलेच, हेडचे काम होईपर्यंत रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकावी, थर्मोस्टॅट काढून ठेवावा, कूलंटऐवजी साधे पाणी भरावे आणि इंजिन चांगले तापल्यावर झाकण उघडून पातळी पाहावी. यातला शेवटचा सल्ला हात भाजणारा आहे. खिशाला सर्वांत मोठी कात्री लावतो तो पहिला, म्हणून आधी त्याकडे वळतो.

गळणारे कूलंट जमिनीपर्यंत पोहोचलेच पाहिजे, असे हा संदेश गृहीत धरतो. गाडी चालू असताना थेंब तापलेल्या ब्लॉकवर किंवा एक्झॉस्टवर पडला, तर त्याची तिथल्या तिथे वाफ होते आणि मागे उरतो तो फक्त पांढरट-हिरवा थर. वॉटर पंपाचे आतले सील झिजले, की पंपाखालच्या बारीक छिद्रातून पाणी झिरपते आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे उडून जाते. हीटरची जाळी गळत असेल, तर ओल डॅशबोर्डखालच्या गालिच्यात मुरते. काचेवर आतून तेलकट धूसर थर बसतो आणि गोडसर वास येतो. (गालिचा एसीच्या तुंबलेल्या नळीमुळेही भिजतो, पण त्या पाण्याला रंग आणि वास नसतो.)

माझ्या १९९९च्या झेनमध्ये दर आठवड्याला कपभर कूलंट कमी होत असे. एका गॅरेजने हेड उतरवायला सांगितले होते. त्याआधी रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर, रेडिएटरच्या झाकणाच्या जागी हातपंपाने दाब भरून गळती शोधणारा प्रेशर टेस्टर बसवला आणि झाकणावर छापलेल्या ०.९ च्या आकड्याइतकाच दाब दिला. दहा मिनिटांत काटा ०.७ वर आला. टॉर्च हाती धरून खालच्या होज पाइपकडे पाहिले, तेव्हा क्लिपच्या खालच्या बाजूला मोहरीएवढा हिरवा थेंब जमला होता. तो पाइपाच्या पोटावरून घरंगळत खालच्या प्लास्टिकच्या कव्हरवर जाई आणि तिथल्या धुळीत वाळे. रबर कडक झालेले असल्यामुळे थंडीत क्लिपची पकड सैल पडे आणि इंजिन तापले की सांधा आपोआप बंद होई. गॅरेजमध्ये गाडी नेहमी तापलेलीच पोहोचत असल्याने तिथे ही गळती कुणाला दिसणे शक्यच नव्हते. नवा पाइप आणि नवी क्लिप एवढ्यावर काम झाले.

हेड गॅस्केट जातच नाही, असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. झेनसारख्या अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनात एकदा जोराचे ओव्हरहीटिंग झाले, की हेडला बाक येतो आणि गॅस्केट जाऊ शकते. पण त्याच्या स्वतंत्र खुणा आहेत : थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज पाइप दगडासारखा कडक होतो, रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात, आणि तिथली हवा तपासणीच्या निळ्या द्रवातून ओढली तर जळलेल्या वायूमुळे तो पिवळा पडतो. हिवाळ्यातल्या सकाळी सायलेन्सरमधून निघणारी आणि थोड्या वेळाने थांबणारी पांढरी वाफ, किंवा रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीच्या ऑइलच्या झाकणाखालचा दुधी साका, या बाष्पाच्या खुणा आहेत. तेवढ्यावरून हेड उतरवू नये.

हळदीने बारीक गळती कधीकधी थांबते, हे मान्य करायला हवे. अडचण अशी, की तो गाळ भोक कोणते आणि रेडिएटरची अरुंद नळी कोणती हे ओळखत नाही, आणि हीटरच्या जाळीत तर तो हमखास अडकतो. घाटात रात्री अडकलेल्याने घरी पोहोचण्यापुरता हा उपाय केला, तर मी त्याला दोष देणार नाही. पुढे मात्र सगळी प्रणाली धुवावी लागेल.

थर्मोस्टॅट काढल्याने कोणतीही गळती थांबत नाही. साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडणारी ही झडप नसेल, तर इंजिन तापायला फार वेळ घेते, पेट्रोल जास्त जाते आणि ऑइलमधील पाण्याचा अंश उडून जात नाही. साध्या पाण्याविषयी फार लिहायला नको : बोअरच्या जड पाण्याचा क्षार नळ्यांत बसतो, कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये पाण्यात नसतात, आणि मग पुढची गळती आतून सुरू होते.

राहिले तापलेल्या इंजिनाचे झाकण. बंद झाकणाखालच्या दाबामुळे पाणी १०० अंशांच्या पुढेही उकळत नाही. झाकण फिरवताच तो दाब सुटतो, पाण्याची एकदम वाफ होते आणि उकळता फवारा हातातोंडावर येतो. शिवाय तापलेले कूलंट फुगून बाहेरच्या टाकीत गेलेले असल्यामुळे तेव्हा दिसणारी पातळी खरीही नसते. वरचा होज पाइप चिमटीत धरून सहज दाबता येईल इतका गार आणि मऊ झाल्याखेरीज झाकणाला हात लावू नये, आणि तेव्हाही ते जाड फडक्याने हळूहळू फिरवावे.