किट लेन्स विकायची घाई कशाला?

भाच्याने गेल्या महिन्यात कॅनॉनचा डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा घेतला आणि आठवड्याच्या आत मला एक मेसेज फॉरवर्ड केला. खाली विचारलेलं, "मामा, किट लेन्स विकून टाकू काय?" तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर फिरून गेला असेल. त्यातली मतं थोडक्यात अशी: कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ म्हणजे खेळणं, ती विका. ५० एमएम एफ १.८ घ्या, ती माणसाच्या डोळ्यासारखं बघते. जुनी घेतली तरी चालते, कंपनी एक असली की बसते. आणि पैसे असतील तर सरळ १८-३०० घ्या, परत दुसरी लेन्स लागायची नाही. (१८, ५०, ३०० हे लेन्सच्या फोकल लेंग्थचे मिलिमीटर: आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं जवळ. एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त.)

डोळ्याचा मुद्दा आधी घेतो, कारण मेसेजचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. हे वाक्य फिल्मच्या काळातलं. १९२५ साली बाजारात आलेल्या पहिल्या लायकाला ५० एमएमचीच लेन्स होती, आणि ३६ बाय २४ मिलिमीटरच्या त्या चौकटीत तिने टिपलेलं दृश्य फार रुंदही वाटायचं नाही, फार जवळही नाही. नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांत मात्र फिल्मच्या जागी एपीएस-सी नावाचा सेन्सर असतो, तो त्या चौकटीपेक्षा लहान. म्हणून फोकल लेंग्थला कॅनॉनमध्ये १.६ ने गुणायचं, निकॉन-सोनीत १.५ ने. म्हणजे भाच्याच्या कॅमेऱ्यावर ५० ची लेन्स ८० सारखी वागते. फिल्मवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण ४७ अंश दिसायचे, इथे ३०. डोळ्यासारखंच बघायचं असेल तर या सेन्सरला २८ ते ३५ च्या आसपासची लेन्स लागते. ती कुठे आहे? जी विकायला सांगताहेत त्या १८-५५ च्या पोटात.

पटत नसेल तर आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरला जाऊन या. कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपात मान वर केली की छतात आभाळाचा मोकळा गोल आणि भोवती खांबांची वर्तुळं. १८ वर आभाळ आणि खांब एकत्र पकडता येतात. ५० लावून तेच जमवायला गेलात तर मागे सरकत मंडपाबाहेर पडाल, आणि बाहेर पडलात की आभाळ गेलं.

"किट लेन्स खेळणं" यात अर्धं खरं आहे, ते आधी कबूल करतो. ५५ च्या टोकाला तिचं अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं छिद्र, एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. १.८ ची लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. संध्याकाळी तालमीत, एखाद्या पिवळ्या दिव्याखाली पोरं लाल मातीत झुंजत असतात, तिथे किट लेन्सला १/२० सेकंद लागत असेल तर हिला १/२०० पुरतो. पहिल्यात पैलवानाचा नुसता फराटा येतो, दुसऱ्यात त्याची पकड दिसते. तिथे ५० च हवी, वाद नाही. पण सकाळच्या उन्हात एफ ८ वर रंकाळा तलाव टिपलात तर कुठला फोटो कुठल्या लेन्सचा, हे मोबाईलवर बघून ओळखून दाखवा. शिवाय कॅनॉन-निकॉनच्या बऱ्याच किट लेन्समध्ये हात हलण्यावर उपाय म्हणून स्टॅबिलायझर असतो, स्वस्तातल्या ५० मध्ये नसतो. रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस काही पळून जात नाही. अंधारून आल्यावर हातात धरून त्याचा फोटो काढायला "खेळणं"च बरं पडतं.

आणि १.८ कायम उघडी ठेवायची हौस? दीड मीटरवर फोकस केलं तर जेमतेम सहा सेंटिमीटर खोलीपुरतं स्पष्ट येतं. आजी-आजोबांना शेजारी बसवून काढा: आजीचं कुंकू लखलखीत, अर्धा फूट मागे टेकून बसलेले आजोबा धुक्यात.

"जुनी कुठलीही बसते" यावर तर मी स्वतः पैसे घालवलेत. निकॉनची जुनी ५० एमएम एफ १.८ डी स्वस्तात मिळाली म्हणून उचलली. कॅमेऱ्यावर बसली झकास, पण ऑटोफोकस होईना. डी मालिकेतल्या त्या लेन्सला फोकसची मोटर कॅमेऱ्यात लागते, आणि डी३५०० किंवा डी५६०० सारख्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये ती नसतेच. तिथे एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेली, म्हणजे मोटर लेन्समध्येच असलेली बघायची. वर आमच्याकडचा पावसाळा. जुन्या लेन्समधून मोबाईलचा टॉर्च मारून बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे, हात जोडून परत फिरा.

राहिली १८-३००. वजन अर्ध्या किलोच्या वर, किट लेन्सच्या दुपटीहून जास्त. ३०० वर अ‍ॅपर्चर ६.३, म्हणजे दाजीपूर अभयारण्याच्या झाडीत पहाटे गवा दिसला तरी शटर रेंगाळणार. मात्र जोतिबाच्या चैत्र यात्रेत हीच लेन्स उपयोगी पडेल. गुलालात लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरलाच गुलाल लावणं.

भाच्याला उत्तर म्हणून एवढंच सांगितलं, की महिनाभर किट लेन्सनेच फोटो काढ आणि मग प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंग्थ किती दिसते ते बघ. गडी रविवारी वही घेऊन आला. निम्म्याहून जास्त फोटो १८ वरचे, त्यातले बरेच पन्हाळ्याचे. ५० चं नाव आता काढत नाही. आणखी रुंद दाखवणारी १०-१८ कुणाकडे वापरून बघायला मिळेल काय, म्हणून विचारत फिरतोय.