जमिनीवर बसून खांदे

गेल्या आठवड्यात जिममध्ये एका काकांनी माझे पाय ओलांडले. दोनदा. राग अजून उतरलेला नाही.

मी झेड प्रेस करत होतो. बाक नाही, टेकायला भिंत नाही. रबरी मॅटवर पाय समोर लांब पसरायचे, पाठ ताठ ठेवायची आणि दोन्ही डंबेल खांद्यापासून डोक्यावर ढकलायचे. यातला 'झेड' म्हणजे लिथुआनियाचा झीद्रूनास सावित्स्कास. २००९, २०१०, २०१२ आणि २०१४ असा चारदा जगातला सर्वांत ताकदवान माणूस ठरलेला. उभ्याने वजन दाबताना कंबर मागे जाते, गुडघे गुपचूप हातभार लावतात. पाय पसरून बसलं की ही चोरी बंद. आणि चोरी जुनी आहे हो! वेटलिफ्टिंगमध्ये पूर्वी प्रेस हा तिसरा प्रकार होता. खेळाडू इतके मागे वाकायला लागले की पंचांना काही ठरवता येईना, म्हणून १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर तो प्रकारच काढून टाकला. मी मात्र इमानदारीत बसलो होतो. त्या इमानदारीपायी एरवीचे पंधरा किलोचे डंबेल साडेसातवर आले होते, मांडीमागच्या शिरा बोंब मारत होत्या आणि आरशात मी पंगतीत ताटाची वाट बघत बसलेल्या पाहुण्यासारखा दिसत होतो.

तेवढ्यात ट्रेडमिलवरून काका उतरले.

"पडलात का?"

"नाही."

"चक्कर?"

"नाही काका, व्यायाम करतोय." डंबेल डोक्यावर, श्वास कुठेतरी बरगडीत.

"खाली बसून?"

"असाच असतो हा."

"बाक रिकामं आहे की तिकडे." रिकामं नव्हतं. त्यावर एक मुलगा पालथा पडून मोबाईलवर कुणाचं तरी लग्न बघत होता.

"याने खांदे होतात, काका."

"खांदे वर आहेत, तुम्ही खाली बसलाय," असं शरीरशास्त्र सांगून काका पाण्याच्या कूलरकडे निघाले. कूलर माझ्या पलीकडे. वळसा घालायला भरपूर जागा होती. काकांनी सरळ माझ्या पायांवरून ढांग टाकली आणि पलीकडे जाऊन एकदम थबकले.

"अरेरे, पाय ओलांडला हो तुमचा."

"असू दे."

"असू दे कसं? उंची खुंटते."

"काका, माझी उंची अकरावीतच खुंटली."

"तरी पण. उलटं ओलांडायला लागतं."

आणि उलटं म्हणजे खरोखर उलटं. पाठमोरे, अंदाजाने पाय टाकत, तोल जाऊ नये म्हणून माझ्या डोक्यावर हात ठेवून. माझे दोन्ही हात हवेत, त्यामुळे डोकं फुकटात उपलब्ध होतं. दोष उतरला. पण काका आता पुन्हा अलीकडे, आणि कूलर होता तिथेच.

"जरा मांडी घालता का?" काका म्हणाले.

मी डंबेल खाली ठेवून मांडी घातली. दुसरं काय करणार?

परत येताना पाण्याचा ग्लास घेऊन ते माझ्याजवळच उभे राहिले. "आमच्या तालमीत असलं काही नव्हतं. जोर, बैठका, मुद्गल. लाल माती. खांदे असे असायचे." असे म्हणजे केवढे, ते हातांनी दाखवताना अर्धा ग्लास मॅटवर सांडला.

"किती वर्षं होता तालमीत?"

"मी नाही हो. आमचे थोरले बंधू. मी त्यांचा डबा द्यायला जायचो."

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मी हसून सोडूनही दिली असती. पण ट्रेनर आला. काकांना "एक्सक्यूज मी" म्हणून बाजूला केलं आणि मला हळू आवाजात सांगितलं, "सर, फ्लोअरवर बसायचं असेल तर आपला योगा बॅच आहे सकाळी. फी वेगळी."

वर्षभराचे पैसे आगाऊ मोजताना याच माणसाने "सगळं यातच आलं, सर" असं छातीठोक सांगितलं होतं. तिकडे आरशापाशी एक पोरगा बावीस किलोचे डंबेल कमरेतून मागे कोसळत वर फेकत होता, गुडघ्यांनी उसळी मारत होता, शेवटी ते धाडकन जमिनीवर आपटत होता. त्याला काय मिळालं? "एक नंबर, भावा!" म्युनिकला जे बंद केलं, ते इथे टाळ्या घेतं. त्याला कुणी विचारत नाही, पडलात का. स्क्वॉटच्या रॅकमध्ये उभं राहून दंड फुगवणाऱ्यालाही विचारत नाही. मान पाहिजे असेल तर माणसाने उभं राहून चुकीचं काहीतरी जोरात करावं. चाळिशी उलटलेला गृहस्थ खाली बसला की तो एकतर आजारी, नाहीतर योगावाला.

सोमवारी गेलो तर फळ्यावर नवीन ओळ लिहिलेली: 'झेड प्रेस वर्कशॉप, पर्सनल ट्रेनिंग मेंबर्ससाठी.' मॅटवर चार मुलं पाय पसरून बसलेली, ट्रेनर त्यांना कंबर का वाकवायची नाही ते समजावतोय. मी डंबेल घेऊन कडेला टेकणार, एवढ्यात तो वळला.

"सर, मॅट आता बॅचसाठी राखीव आहे. तुम्ही बाकावर करा ना."

बाकावर तो मुलगा होताच. लग्न बहुतेक संपलं होतं, आता बारसं चाललं होतं.