डिस्क टिकली म्हणजे ध्वनिमुद्रण टिकले असे नाही

मिनीडिस्कवरचे (सोनीच्या छोट्या, पुन्हा मुद्रण करता येणाऱ्या डिस्कवरचे) ध्वनिमुद्रण मेमरी कार्डापेक्षा जास्त टिकते, आवाज सरस असतो आणि मुद्रण मध्येच दगा देत नाही, म्हणून महत्त्वाच्या मुलाखती व मैफली पुन्हा डिस्कवरच घ्याव्यात, असा दावा सध्या बराच फिरतो आहे. त्यातला एकच भाग खरा आहे आणि तोही अर्धाच.

आधी तोच, म्हणजे टिकण्याचा भाग, मान्य करतो. सोनीने १९९२ साली बाजारात आणलेल्या या ६४ मिलिमीटरच्या डिस्कवर मुद्रण करताना लेझर एक सूक्ष्म ठिपका सुमारे १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो आणि दुसऱ्या बाजूचे चुंबकीय हेड त्याची दिशा ठरवते. थंड झालेला ठिपका मग घरातल्या साध्या चुंबकाला दाद देत नाही. मेमरी कार्डातल्या फ्लॅश मेमरीत मात्र माहिती अडकवलेल्या विद्युतभाराच्या रूपात राहते आणि तो भार वर्षानुवर्षे झिरपतो, त्यामुळे कार्ड कपाटात टाकून विसरणे धोक्याचेच आहे. पण डिस्क वाजवायला यंत्र लागते. सोनीने २०१३ साली मिनीडिस्क यंत्रे विकणे थांबवले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या डिस्कचे उत्पादनही बंद केले. उरलेल्या यंत्रांचे लेझर आणि दातेरी चाके झिजतच जाणार आहेत.

त्याहून मोठी अडचण प्रतींची आहे. २००१ पासून डिस्कयंत्रे संगणकाला जोडता येऊ लागली, तरी गाणी केवळ संगणकातून डिस्कवर जात. मूळ मिनीडिस्क पद्धतीत स्वतः माइकने घेतलेले मुद्रण संगणकात उलट काढून घेण्याची सोय सोनीच्या २००६ च्या यंत्रापर्यंत नव्हती. ते यंत्र नसेल तर ७४ मिनिटांची प्रत करायला सहसा ७४ मिनिटे बसावे लागते. कार्डावरची फाइल काही मिनिटांत, एकही बिट न बदलता, तीन ठिकाणी ठेवता येते. माझ्या मते टिकाऊपणा म्हणतात तो हा.

आवाजाचा दावा तर आकड्यांपुढे टिकत नाही. मूळ मिनीडिस्क सेकंदाला २९२ किलोबिट साठवते, सीडी १,४११. मोठ्या आवाजाखाली झाकले जाणारे बारीक स्वर गाळूनच हे साधते. २००४ च्या हाय-एमडी या सुधारित मिनीडिस्कने न आकसलेले मुद्रण आणले खरे, पण १ जीबीच्या डिस्कवर जेमतेम दीड तास. आजचे साधे कार्ड रेकॉर्डर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झने, म्हणजे सीडीपेक्षाही बारकाईने मुद्रण करतात.

राहिला भरवशाचा प्रश्न. मुद्रण थांबवल्यावर पडद्यावर ‘टीओसी एडिट’ अशी अक्षरे लुकलुकतात, तेव्हा यंत्र डिस्कची अनुक्रमणिका लिहीत असते. त्याच क्षणी वीज गेली किंवा जोराचा धक्का बसला, तर आवाज डिस्कवर असूनही यंत्राला तो सापडत नाही. चालताना धक्क्यांपासून वाचवणारी तात्पुरती साठवणसुद्धा मेमरी चिपमध्येच होत असे. वीज गेल्यावर कार्डावरची फाइलही अर्धवट राहू शकते, पण ती बहुतेक वेळा संगणकावरच्या सॉफ्टवेअरने सावरता येते. डिस्कसाठी दुसऱ्या डिस्कची अनुक्रमणिका उसनी घेण्याची युक्ती आहे. मात्र त्यासाठी बहुतेकदा यंत्र दुरुस्ती करणाऱ्यांसाठी असलेल्या सर्व्हिस मोडमध्ये न्यावे लागते.