गोळीचं नाव कापून घेणारी कात्री

आज दुपारी स्टँडसमोरच्या एका मेडिकलात जे बघितलं ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले. स्वयंपाक राहिलाय, राहू द्या.

मी ओआरएसची पाकिटं घ्यायला उभी होते. माझ्यापुढे एक म्हातारी. सत्तरीच्या पुढची असेल, डोक्यावरून पदर, एका हातात काठी, दुसऱ्या मुठीत चुरगळलेली वीसची नोट. म्हणाली, "भाऊ, ती गुडघानी गोळी दे." काउंटरवरच्या पोराने मान वर न करता ड्रॉवर उघडला, पट्टी काढली आणि कात्रीने चार गोळ्या कापून कागदात गुंडाळून दिल्या. गोळीचं नाव आणि एक्सपायरीची तारीख छापलेला तुकडा ड्रॉवरमध्येच राहिला. बाहेर पारा ४४ ला टेकलेला.

मी म्हटलं, "दादा, बीपी आहे का, पोटाचा काही त्रास आहे का, काहीच विचारत नाही का तुम्ही?" तो म्हणाला, "ताई, त्या नेहमीच्याच आहेत." मग माझा आवाज चढला, चार लोक बघायला लागले, आणि या सगळ्यात म्हातारी काठी टेकत बसमध्ये चढूनही गेली.

नेहमीच्याच! माझी मायसुद्धा अशीच कुणाची तरी नेहमीची होती.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचं गाव पारोळ्याकडचं. मायचं अख्खं आयुष्य कापूस वेचण्यात आणि निंदण्यात गेलेलं, साठीच्या आतच गुडघ्यांची वाट लागली. पण तिने कधी तक्रार केली नाही. फोनवर विचारलं की एकच उत्तर, "काही नही व्हस माय, एक गोळी लेस नि कामले लागस." आणि मी, शिकलेली लेक, विचारायची नाही की कसली गोळी, कुणी दिली, किती दिवस झाले. ऐन वैशाखात गच्चीवर कुरडया घालायला बसली, दुसऱ्या दिवशी एकादशी, पोटात फक्त चहा आणि त्यावर गोळी. आठवडाभर काळीकुट्ट शौचाला होत होती, ते तिने कुणाला सांगितलं नाही. तिला वाटलं ऊन बाधलं असेल. मग एका सकाळी अंगणात चक्कर येऊन पडली. भाऊ तिला तसाच धुळ्याला घेऊन गेला. हिमोग्लोबिन ६.२, म्हणजे अंगात रक्त फारच कमी, आणि जठरात जखम. शौचाला काळी होत होती ती त्याच जखमेतल्या रक्ताने. क्रिएटिनिन २.८, म्हणजे किडनीही दमलेली.

दुपारी डॉक्टरांनी विचारलं, आई कुठल्या गोळ्या घेतात? वहिनीने मायच्या कमरेच्या पिशवीतली मिश्रीची जुनी डबी काढून पलंगावर उलटी केली. पट्टीचे बारीक बारीक चौकोनी तुकडे पडले, कडा कात्रीने कापलेल्या. एकावर अर्धवट 'नॅक' एवढंच वाचता येत होतं, बाकीच्यांवर तेवढंही नाही. डॉक्टरांनी एकेक उजेडात धरून बघितली. गुलाबी आणि पांढरी या दोन गोळ्या दोन कंपन्यांच्या निघाल्या, पण आत दुखण्या-सुजेवरचं औषध एकच, असिक्लोफिनॅक. माय दोन वेगळी औषधं समजून दोन्ही खात होती. तिसरी इटोरिकॉक्सिब, ही पोटाला सौम्य म्हणून देतात. सौम्य असेलही, पण किडनी आणि हृदयाचं काय? याच घराण्यातलं रोफेकॉक्सिब २००४ साली कंपनीने जगभरातून मागे घेतलं, कारण हार्ट अटॅकचा धोका वाढतो हे पुढे आलं.

दुखणं आणि सूज ज्या रसायनामुळे वाढते, तेच रसायन जठराच्या आतल्या अस्तराला जपतं आणि किडनीकडे रक्त नीट जाऊ देतं. असिक्लोफिनॅकसारखी गोळी ते रसायन नीट बनू देत नाही. गुडघ्यात नाही आणि पोटातही नाही. तिला कुठे कळतंय गुडघा कुठला नि जठर कुठलं! त्यात माय बीपीसाठी टेल्मिसार्टन घ्यायची, तेही लघवी वाढवणाऱ्या औषधाच्या जोडीचं. डॉक्टरांनी कागदावर किडनी काढून दाखवली. रक्त आत आणणारी वाट दुखण्याची गोळी आवळते, बाहेर नेणारी वाट बीपीची गोळी सैल करते, आणि अंगातलं पाणी तिसरं औषध काढून टाकतं. वर आपल्या खान्देशातला वैशाख आणि एकादशी. मग राहिलं काय?

आणि "पित्ताची गोळी सोबत घेतो ना" म्हणणाऱ्यांनो, ती पोट राखते, किडनी नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पोटातून रक्त जायची भीती आणखी वाढते. हृदयाच्या त्रासानंतर दिलेली ॲस्पिरिनसुद्धा त्यातच आली.

गिधाडं आठवतात का? आबा सांगायचे, मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की तासाभरात आभाळातून गिधाडं उतरायची. आता दिसतात का कुठे? जनावरांना टोचलेलं डायक्लोफिनॅक, हे मायच्या गोळीच्याच जातीचं दुखण्याचं औषध, मढ्यातून त्यांच्या पोटात गेलं आणि किडन्या बंद पडून ती मेली. सरकारने २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. माणसाची किडनी गिधाडापेक्षा दणकट आहे, मान्य. पण ज्या औषधावर 'डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये' असं छापलेलं असतं, ते आमच्या म्हाताऱ्यांना गोळी-बिस्किटासारखं सुटं मिळतं आणि कुणाला काही वाटत नाही, याचा संताप येतो हो.

हो, मेडिकलवाला नसता तर रात्री दहा वाजता गावाकडच्या माणसाने जायचं कुठे, हेही खरंच. मजुरी बुडवून, गाडीभाडं घालून डॉक्टरकडे जा म्हणणं मला सोपं आहे. ठीक आहे. पण दोन प्रश्न विचारायला पैसे पडतात का? पूर्ण पट्टी परवडत नसेल तर कागदाच्या पुडीवर पेनाने गोळीचं नाव लिहायला किती वेळ लागतो?

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांशीही बोलायचंय. "पेनकिलर म्हणजे विष, एक गोळी खाल्ली की किडनी गेली" असले मेसेज घरच्या ग्रुपवर फिरवू नका. मायचं ऐकून आमच्या एका आत्याने सगळ्याच गोळ्या बंद केल्या आणि महिनाभर तिला न्हाणीघरापर्यंत जाता येईना. दुखणं खोटं नसतं. म्हातारपणी जमिनीवरून उठताना तोंडातून जो आवाज निघतो ना, तो ऐकला की कळतं. तपासून दिलेली, जेवणानंतर घेतलेली, भागेल तेवढीच आणि लागतील तेवढेच दिवस घेतलेली गोळी माणसाला चालतं ठेवते. जुलाब-उलट्या होत असतील, ताप असेल, उन्हाने जीव चाललेला असेल तेव्हा ती घेऊ नये. बीपी-शुगरवाल्यांनी गोळी रोजची होत असेल तर क्रिएटिनिन बघत राहावं. आणि आपल्याकडे सगळ्याच दुखण्याला 'वात' म्हणून मोकळे होतात, पण हाताची बोटं सुजून सकाळी तासभर आखडत असतील तर तो झिजेचा प्रकार नव्हे. त्याची औषधं वेगळी असतात. नुसतं दुखणं दाबत बसलात तर सांधे वाकडे होतात.

माय वाचली. रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या, दीड महिन्याने क्रिएटिनिन १.३ वर आलं. आता गुडघ्याला ट्यूबमधलं जेल लावते, म्हणजे औषध गुडघ्यावरच राहतं, रक्तात फार थोडं जातं. ओट्यावर खुर्ची टाकून पाय सरळ करून दहा आकडे मोजते. फार दुखलं तर पॅरासिटामॉल, तीही किती घ्यायची ते ठरवून दिलेलं. गुडघे बरे झाले नाहीत, होणारही नाहीत. पण परवा पाटावर न बसता टेबलावर परात ठेवून पुरण वाटलं तिने, आणि खापरावरचे मांडे केले. सहा केले. फोटो पाठवला भाच्याने.

मिश्रीची ती डबी मी घेऊन आलेय. आत अजून एक तुकडा आहे, त्या 'नॅक'वाला. टाकवत नाही.

हे लिहिता लिहिता मध्येच मायला फोन केला. आजचं सगळं सांगितलं. तो पोरगा, कात्री, चार गोळ्या, माझं भांडण. मला वाटलं म्हणेल, बरं केलंस भांडलीस. ती थोडा वेळ गप्पच होती. मग म्हणाली, "ती बाई जेवनी व्हती का वं? इचारं का कोनी तिले?"

मीसुद्धा विचारलं नव्हतं.