तडा गेलेली भिंत पाडण्याआधी

बांधकामाचा माल, म्हणजे सिमेंट, खडी किंवा काँक्रीट, खराब निघाल्याचा संशय आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "फोडून टाका, नवीन करून घ्या." कृपा करून थांबा. भरपाईच्या दाव्यातला सगळ्यात भक्कम पुरावा राडारोड्यात जातो तो त्याच दिवशी.

या भांडणात पुरवठादाराचा बचाव जवळजवळ नेहमी एकच असतो: माल चांगला होता, साइटवर पाणी जास्त घातलं, क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवून पक्कं होऊ देणं) नीट झालं नाही. ठेकेदार मालाकडे बोट दाखवतो. म्हणून नुसतं "काँक्रीट खराब आहे" सिद्ध करून भागत नाही. नुकसान मालातल्या कोणत्या दोषामुळे झालं, हे दाखवावं लागतं. त्यासाठी योग्य चाचणी हवी, आणि बहुतेक लोक नेमके इथेच चुकतात.

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातलं उदाहरण घ्या. तिथे ईशान्य भागात १९८३ पासून बांधलेल्या हजारो घरांच्या पायांतल्या खडीत पायरोटाइट हे लोह-गंधकाचं खनिज निघालं. पाणी आणि हवा लागली की ते ऑक्सिडाइझ होतं, त्यातून सल्फेट तयार होतं, नवी खनिजं फुगतात आणि पाया आतून फाटतो. तडे दिसायला १०-२० वर्षं लागू शकतात. असं काँक्रीट २८ दिवसांच्या क्यूब चाचणीत, म्हणजे ठोकळा दाबून ताकद मोजण्यात, आरामात पास होईल! तिथे दाब-ताकदीचा रिपोर्ट तुमच्याच विरोधात जातो. हवी असते ती पेट्रोग्राफी, म्हणजे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, आणि सोबत गंधकाचं प्रमाण. युरोपच्या ईएन १२६२० मानकात खडीतल्या एकूण गंधकाची मर्यादा १ टक्का आहे, पण पायरोटाइट असेल तर ०.१ टक्का. त्यामुळे खनिजाचं नाव नसलेला "गंधक ०.६ टक्के" एवढाच रिपोर्ट अर्धवट समजा.

ताकदीचाच वाद असेल तर कोअर, म्हणजे यंत्राने कापलेला काँक्रीटचा गोल दांडा, काढा. २० मिमी खडीला १०० मिमी व्यास चांगला. आधी डिटेक्टरने सळई शोधा, कारण कोअरमध्ये सळई आली की आकड्यावर वाद सुरू. भारताचं आयएस ४५६ आणि अमेरिकेचं एसीआय ३१८ या काँक्रीटच्या मानकांचा निकष सारखाच आहे: तीन कोअरची सरासरी अपेक्षित ताकदीच्या निदान ८५ टक्के, आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको.

कोअर काढण्याआधी समोरच्या सगळ्यांना लेखी नोटीस द्या. तारीख, वेळ, जागा लिहा, "तुमचा माणूस पाठवा" असं स्पष्ट म्हणा. नमुन्याचे तीन भाग करा: एक तुमचा, एक त्यांचा, एक सीलबंद राखीव. पिशवीवर जागा, किती खोलवरून काढला ते, तारीख, दोघांच्या सह्या. नमुना कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंद तुटली, की उत्तम प्रयोगशाळेचा रिपोर्टही डळमळतो. आणि एक कोअर चांगल्या दिसणाऱ्या भागातूनही घ्या. तुलनेला काहीच नसेल तर तज्ज्ञ उलटतपासणीत अडकतो.

जपायचे कागद: मालाचं चलान, सिमेंटच्या पोत्यावरचा आठवडा आणि वर्ष, सळईचा हीट नंबर (ती कोणत्या ओतीतली ते सांगणारा), रेडीमिक्सचं म्हणजे कारखान्यातून तयार आलेल्या काँक्रीटचं बॅच तिकीट. या तिकिटावर साइटवर घातलेल्या पाण्याची नोंद असेल तर "पाणी जास्त झालं" हा बचाव तिथेच तपासता येतो.

नोटीस फक्त विक्रेत्याला देऊ नका. कॅनडातल्या त्र्वा-रिव्हिएरच्या पायरोटाइट खटल्यात २०१४ च्या निकालाने सर्वात मोठा वाटा, सुमारे ७० टक्के, त्या दगडाला हिरवा कंदील देणाऱ्या भूवैज्ञानिकाच्या कंपनीवर टाकला. मला हे योग्यच वाटतं. प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याने जबाबदारीही घ्यायला हवी.

विम्याची पॉलिसी शब्दन् शब्द वाचा. कनेक्टिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पॉलिसीतल्या "कोसळणे" या शब्दाचा अर्थ घर पडण्याच्या तातडीच्या धोक्याशी जोडला. पाया हळूहळू कुजत असलेल्या घरमालकांना ते फार महागात पडलं.

आणि दावा लावायची मुदत. कुठे ती माल मिळाल्यापासून मोजतात, कुठे दोष कळल्यापासून. पहिला तडा दिसला त्या दिवशीच मोजपट्टी लावून फोटो काढा, तारीख लिहा, आणि त्याच आठवड्यात वकिलाला विचारा की आपलं घड्याळ कधीपासून सुरू झालंय.